वाटणीबाहेरची बाटली

पदर असेल तर पदर, उपरणं असेल तर उपरणं, जे हाताशी असेल ते आधी नाकाला लावा आणि मग ऐका. मी एक बाटली बोलतेय. काळपट हिरव्या जाड काचेची, लांब मानेची आणि ओठाचा टवका उडालेली. माझ्या पोटात आजवर काय काय ओतलं गेलं ते सगळं सांगायला बसले तर तुमचं जेवण वाया जाईल, म्हणून मी जरा आवरूनच सांगणार आहे. पण मुळात गोष्टच घाणेरडी आहे, तिला अत्तर लावून मी तुमच्यापुढे ठेवणार नाही.

माझा जन्म साता समुद्रापलीकडच्या एका भट्टीतला. वितळलेल्या काचेच्या गोळ्यात एका माणसाने नळीतून फुंकर घातली आणि माझं पोट तयार झालं. त्या फुंकरीलासुद्धा तंबाखूचा वास होता. म्हणजे बघा, दुसऱ्याचं तोंड सोसणं जन्मापासूनच माझ्या नशिबी आलं.

पहिल्यांदा माझ्यात बिअर भरली ती चांगली होती, हे मी कबूल करते. जहाजातून मुंबई आणि तिथून आगगाडीने महूची छावणी, एवढा प्रवास होऊनही ती जिवंत होती. एका गोऱ्या शिपायाने बूच काढायच्या घाईत माझी मान बराकीच्या दगडी पायरीवर आपटली. ओठाचा टवका उडाला. ती बिअर उसळून वर आली, शुभ्र फेसाची, आणि त्या शिपायाने ती घटाघटा पिऊन टाकली. मग जळक्या विड्यांची थोटकं माझ्यात कोंबली, वर थुंकला, आणि मला गटारात भिरकावलं. माझ्या आयुष्यातला स्वच्छ दिवस तो एवढाच, आणि तोही संध्याकाळपर्यंत टिकला नाही.

गटारातून मला एका भंगारवाल्याने उचललं आणि धारच्या एका तेल्याला विकलं. तेल्याने माझ्यात एरंडेल भरलं. तशीच मी जमुनाबाईंच्या स्वयंपाकघरातल्या कोनाड्यात येऊन बसले. जमुनाबाई म्हणजे मोठ्या घरची, करारी बाई. माहेर देवासचं, सासर धारचं. त्यांच्या घरातलं पोर पोट धरून रडलं की मला खाली काढायचे. माझ्याकडे बघून इतक्या लेकरांनी तोंडं वाकडी केली की पुढे पुढे मला स्वतःचीच शिसारी यायला लागली. मनात एकच म्हणायचे, कोणीतरी मला धुवा हो. गरम पाण्याने, रिठ्याने, आतून बाहेरून धुवा. पण तेलाची बाटली कोण धुतो? तेल संपलं की त्यावरच पुन्हा तेल.

आता देवासचं सांगते. देवासात तेव्हा एकाच गावात दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. रस्त्याच्या या कडेला एकाचा अंमल, त्या कडेला दुसऱ्याचा. राजेलोकांचं राजेलोक बघत होते आणि त्यांचं रीतसर चाललंही होतं. पण जमुनाबाईंच्या दोघा भावांनी त्याची जी नक्कल घरात उतरवली होती ती पाहून ओकारी यावी. थोरले मानसिंगराव आणि धाकटे नारायणराव. दोघेही दरबारचे मानकरी, दोघांच्याही मिशा पिळदार, आणि राहत्या घराच्या चौकात मधोमध विटांची ओळ घातलेली. या बाजूला थोरल्यांची चूल, त्या बाजूला धाकट्यांची. दोन तुळशी, दोन देवघरं. विहीर तेवढी एक होती, कारण पाण्यात भिंत घालता येईना. मग तिच्यावर दोन रहाट बसवले होते.

भांडण कशावरून झालं म्हणाल तर वडिलांच्या तेराव्याला पानसुपारीचं तबक आधी कोणापुढे धरलं, यावरून. लहानपणी हेच दोघे एका ताटात जेवायचे, एकाने चावलेला पेरू दुसरा खायचा, असं जमुनाबाई सांगायच्या. मी पाहिलं तेव्हा मात्र दोघे एका पंक्तीलाही बसत नव्हते. बोलायचं झालं तर सुमंगलेच्या तोंडून.

सुमंगला ही मानसिंगरावांची मुलगी. पाळण्यात असतानाच तिची आई गेली आणि तिला वाढवलं ते विटांपलीकडच्या रुक्मिणीकाकूंनी, म्हणजे नारायणरावांच्या बायकोने. त्यामुळे त्या विटा ओलांडायची मुभा घरात तिला एकटीलाच होती. दिवसभर इकडचा निरोप तिकडे आणि तिकडचा इकडे. विशी उलटली तरी तिचं लग्न जमत नव्हतं. पाहायला आलेली माणसं चौकात पाऊल टाकायची, विटा बघायची आणि चहाफराळ उरकून निघून जायची. एकदा ती आत्याला म्हणाली, "आत्या, मला इथून ने. कुठेही ने. निरोप सांगून सांगून माझ्या तोंडाची चव गेली गं."

जमुनाबाईंनी धारचं स्थळ काढलं. कृष्णराव म्हणून पागेवरचे जुने अधिकारी होते, त्यांचा मुलगा भास्करराव. मुलाने मुलीची चौकशी केली होती, त्याला ती पसंत होती. अडत होतं ते कृष्णरावांपाशी. "मला मुलगी एका घरातली हवी," ते म्हणाले. "अर्ध्या घराशी सोयरीक करून मी उरलेल्या अर्ध्याचे रुसवे काढत बसू की काय? मी स्वतः येऊन बघतो. घर दुभंगलेलं दिसलं की उठलो."

या कृष्णरावांना छावणीतल्या गोऱ्यांच्या सोबतीने बिअरची गोडी लागलेली होती. दुकानातली बिअर बोटीतून येता येता मरते, घरी मुरवलेली ताजी बिअर म्हणजे काय ते ज्याने प्यायली त्यालाच ठाऊक, असं ते चारचौघांत म्हणायचे. जमुनाबाईंनी ते पक्कं लक्षात ठेवलं. नारायणरावांनी महूच्या एका खानसाम्याकडून बिअरची कृती तोंडपाठ करून आणली होती, आणि त्यासाठी लागणारे मोठे हंडे थोरल्यांच्या वाट्याला गेले होते. एकाची कृती, दुसऱ्याचे हंडे. जमुनाबाईंनी दोघा भावांना विटांच्या दोन बाजूंना उभं केलं आणि बजावलं, "बिअर दोघांनी मिळून करायची. व्याही प्यायला बसले की सांगायचं, आम्ही दोघा भावांनी केली. मग त्यांना विटा दिसायच्या नाहीत. पोरीचं भलं तुमच्या हातात आहे, आता तरी माणसासारखे वागा."

ज्या बैलांच्या दमणीतून जमुनाबाई देवासला आल्या त्याच दमणीत गवतात गुंडाळलेल्या रिकाम्या बाटल्या होत्या, आणि त्यांच्यात मी. मला वाटलं, सुटले एकदाची एरंडेलातून. वेडी मी.

बिअर करायला घेतली ती पौषात. जव भिजवून, मोड आणून, वाळवून भरडले. मग हंड्यात उकळले, कडवटपणासाठी काडेचिराईत टाकलं, गूळ टाकला, गाळून घेतलं. ते कोमट झालं की त्यात ताडीचा गाळ घालायचा होता. त्या गाळातले बारीक जीव गोड खाऊन पेय फसफसवतात. दोघे भाऊ हंड्याच्या दोन बाजूंना, कोपराला कोपर लागेल इतके जवळ उभे होते आणि मध्ये सुमंगला.

"सुमा, तुझ्या आबासाहेबांना सांग, कोमट झाल्याशिवाय गाळ घालायचा नसतो."

"सुमा, तुझ्या काकासाहेबांना सांग, हंडा आमचा आहे. कोमट कधी झालं ते आम्हाला कळतं."

सुमंगला कोणालाच काही सांगायची नाही. दोघांनीही ऐकलेलं असायचं.

रांजणात काही दिवस फसफसून ते पेय शांत झालं, तेव्हा बाटल्या भरल्या. प्रत्येकीत गुळाचा खडा टाकायचा, बूच घट्ट ठोकायचं, वरून दोरीने बांधायचं आणि विसरून जायचं. बाटलीत राहिलेले जीव तो गूळ खातात, श्वास टाकतात, श्वासाला बाहेर जायला वाट नसते, तो पेयातच मुरतो. पुढे बूच काढलं की तोच फेस होऊन वर येतो. यात माणसाने करायचं काहीच नसतं, फक्त हात आवरायचा असतो. आणि तेवढंच माणसाला जमत नाही.

भरलेल्या बाटल्यांची वाटणी झाली. एक इकडे, एक तिकडे, अगदी समसमान. मी उरले. मला कोणाकडे टाकायचं यावरून पुन्हा मिशा थरथरायला लागल्या, तेव्हा जमुनाबाई वैतागून म्हणाल्या, "ती माझी, आत्याची. राहू दे दारापाशी." मला राखेने नुसतं खळखळवलं होतं, एरंडेलाचा थर पोटाला तसाच होता. टवका उडालेल्या ओठावर बूच नीट बसत नव्हतं, आतला श्वास बारीक वाटेने निसटत होता. माझ्यात फेस येणं शक्यच नव्हतं. मी वाईट बाटली होते, हे मी लपवत नाही. पण मला कोणी विचारलं का?

जमुनाबाई कृष्णरावांना आणायला धारला परत गेल्या, आणि इकडे माळव्याची थंडी पडली. माताजीच्या टेकडीवरून वारं सुटलं की आम्हाला ठेवलेल्या कोठीत पाणीसुद्धा बोटं बधिर करायचं. ताडीतले जीव गारठून तळाशी बसले. फेसाला उशीर होणार हे उघड होतं. थोडं थांबलं असतं, ऊन वाढलं असतं, की आपोआप झालं असतं. पण दोघांच्याही पोटात एकच भीती, की माझी बिअर फसली आणि त्याची जमली तर?

एका दुपारी मानसिंगराव पाऊल न वाजवता कोठीत आले. आपल्या वाट्यातली बाटली उघडावी तर आपलीच एक कमी होणार. भावाची उघडावी तर चोरी. मग उरले मी, आत्याची, कोणाच्याच वाटणीत नसलेली. त्यांनी माझं बूच उपटलं आणि तोंडातला विडा तसाच ठेवून मला तोंड लावलं. काथ, चुना, सुपारीचा चोथा, सगळं माझ्या ओठाला फासलं गेलं. एक घोट घेतला. "फेस नाही," असं पुटपुटले, अंगठ्याने बूच दाबलं आणि गेले.

ते जातात न जातात तोच नारायणराव आले. यांना तपकिरीचा शौक. नाकाखाली तपकिरीची ओली रेघ कायमची. त्यांनीही तोच हिशेब केला असणार, कारण हातही थेट माझ्यावरच पडला. थोरल्यांच्या काथावर धाकट्यांची तपकीर बसली. त्यांनीही घोट घेतला, त्यांनीही म्हटलं, "फेस नाही." घोट घेतल्याने पातळी खाली गेली, ते भावाला कळू नये म्हणून तांब्यातलं पाणी माझ्यात ओतलं. दुसऱ्या दिवशी मानसिंगरावांनाही तीच अक्कल सुचली.

मग हे रोजचंच झालं. सकाळी विडा, संध्याकाळी तपकीर. घोट घ्यायचा, लाळेसकट बूच दाबायचं, पाणी ओतायचं. सांगताना आत्तासुद्धा मला मळमळतंय. एका पंक्तीला न बसणारे, एकमेकांच्या भांड्याला भांडं लागलं तर ते घासायला टाकणारे हे दोघे मानकरी रोज एकमेकांचं उष्टं पीत होते, आणि हे कळत होतं फक्त मला. मला तोंड आहे, वाचा नाही. असती तर पहिल्याच दिवशी शिवी हासडली असती.

माझी चव घेऊन दोघांनी निदान केलं, की गूळ कमी पडला. मग लपूनछपून दोघांनीही आपापल्या बाटल्यांची बुचं काढून आणखी गूळ कोंबला. चार दिवसांनी पुन्हा मला चाखलं, पुन्हा फेस नाही, पुन्हा गूळ. मग मानसिंगरावांच्या डोक्यात आलं की थंडी बाधली. खरं म्हणजे पहिल्याच दिवशी हे सुचायला हवं होतं. सुमंगलेतर्फे निरोप गेला आणि दोघांच्याही सगळ्या बाटल्या न्हाणीघराच्या चुलीला लागून असलेल्या उबदार खोलीत नेल्या, वर गोधड्या घातल्या. तिथे ताडीतले जीव जागे झाले आणि समोर बघतात तो गुळाचे डोंगर. माझ्या शेजारच्या बाटल्या आतून फुगायला लागल्या. काचेला काच टेकलेली होती, त्यामुळे मला त्यांची धडधड कळत होती. पण त्यांना कोण विचारतो? दोघेही येऊन चाखायचे ते मलाच, आणि म्हणायचे, "नाहीच."

एकदा मानसिंगरावांना माझं बूच तिरकं दिसलं. झालं. "सुमा, काकासाहेबांना विचार, आत्याच्या बाटलीला हात कोणी लावला?" तिकडून उत्तर, "सुमा, आबासाहेबांना सांग, चोराच्या मनात चांदणं म्हणून फक्त ऐकलं होतं, आज पाहिलं." संध्याकाळपर्यंत खोलीला थोरल्यांचं कुलूप लागलं. रात्र पडायच्या आत त्यावर धाकट्यांचं दुसरं कुलूप लागलं. आता एकाला वाटलं म्हणून दार उघडणार नव्हतं. आत आम्ही, चुलीची ऊब आणि तो सगळा गूळ.

सुमंगला त्या दाराशी उभी राहून म्हणाली, "पाहुणे येतील तेव्हा तरी दोघे किल्ल्या द्याल ना?" दोघांनीही ऐकलं. यावेळी मात्र दोघांनी आपापली किल्ली खिशात टाकली.

कृष्णराव आले ते धिप्पाड, पांढऱ्या गलमिशांचे. जमुनाबाईंनी आधीच माणूस धाडून चौकातल्या विटांवर सतरंजी अंथरायला लावली होती. बोलणी बरी चालली होती असं आवाजावरून वाटत होतं. मग जमुनाबाई म्हणाल्या, "आता भावांनी मिळून केलेली बिअर आणा." आणि माझ्या उजवीकडची बाटली फुटली.

फुटली म्हणजे नुसती तडकली नाही. बार उडाल्यासारखा आवाज झाला. तिच्या काचा शेजारणीला लागल्या, तीही गेली. मग एकामागून एक, थोरल्यांची, धाकट्यांची, कोणाची कोणती हे आता देवालाही सांगता आलं नसतं. आंबूस, गुळचट, चिकट पाण्याचा लोट माझ्या अंगावरून गेला. दाराखालून तो चौकात वाहायला लागला.

"अरे, दार उघडा," कृष्णरावांचा आवाज आला.

"किल्ली त्यांच्याकडे आहे," मानसिंगराव म्हणाले.

"आधी त्यांचं कुलूप निघू द्या," नारायणराव म्हणाले.

व्याही दारात, घरात स्फोट होताहेत, आणि हे दोघे खिशावर हात ठेवून उभे. मी आतून ऐकत होते. माणसाच्या जातीची मला इतकी किळस कधीच आली नव्हती.

मग कुलपांवर घाव पडले. सुमंगलेने स्वयंपाकघरातला वरवंटा आणला होता. पहिलं कुलूप तुटलं, दुसरं तुटलं, दार उघडलं. ती काचांतून चालत आत आली. उभी होते ती मी एकटीच. टवक्यातून सगळा दम निघून गेल्यामुळे मला फुटायचं कारणच नव्हतं. तिने मला उचललं, बूच काढलं, आणि ते फिरवून पाहिलं. एका अंगाला काथाचा लाल डाग, दुसऱ्या अंगाला तपकिरीचा चिखल.

ती तशीच ओल्या लुगड्यानिशी बाहेर गेली. पेल्यात मला ओतलं आणि पेला कृष्णरावांपुढे ठेवला. फेस नव्हता. वर सुपारीचा एक कण तरंगत होता.

"हे काय?" कृष्णराव म्हणाले.

"तुमच्यासाठी केलेली बिअर. एवढीच उरली," सुमंगला शांतपणे म्हणाली. "पण पिऊ नका. यात आबासाहेबांचा विडा आहे आणि काकासाहेबांची तपकीर. दोघेही हिलाच तोंड लावत होते."

तिने बूच दोघांच्या मध्ये, सतरंजीवर ठेवलं.

 मग जमुनाबाईंना हसू आलं, डोळ्यांत पाणी आणणारं हसू. "म्हणजे लहानपणचं ताट काही तुमचं सुटलं नाही रे," त्या म्हणाल्या.

त्या क्षणी दोघांपैकी एक जरी हसला असता, तरी तिथल्या तिथे घर एक झालं असतं. मला खरंच वाटलं की आता हसतील. पण मानसिंगरावांचं तोंड वेडंवाकडं झालं, नारायणरावांनी उपरण्याने ओठ पुसले, आणि दोघेही उठले. एक इकडून गेला, एक तिकडून. विहिरीवरचे दोन्ही रहाट एकदमच कुरकुरले. मग त्यांनी चुळा भरल्या. घसा खाकरून, बोटं घालून, पचापचा थुंकून, भावाचं उष्टं पोटातून उपटून काढायचं असल्यासारख्या चुळा भरल्या. व्याह्यांच्या समोर. मुलीच्या समोर. महूच्या गटारात मी पडून होते, पण एवढी घाण तिथेही नव्हती.

कृष्णराव ते संपेपर्यंत बघत होते. मग त्यांनी पेला दूर सारला.

"जमुनाबाई," ते म्हणाले, "मी एका घरातली मुलगी मागत होतो. ती अट मी सोडली. जवळचा मुहूर्त धरा. या पोरीला इथे फार दिवस ठेवू नका."

तर अशी सुमंगला धारला गेली. जाताना तिने पेटीत मला ठेवलं. "ती बाटली कोणाच्या वाट्याची?" असं विचारायची तेव्हा तरी कोणाची छाती झाली नाही.

पहिल्या दिवाळीला तिला माहेरी न्यायला देवासहून दमणी आली. तिच्या मागोमाग दुसरी आली. एक थोरल्यांची, एक धाकट्यांची. दोन्ही गाडीवान दारात उभे.

"बाईसाब, बडे सरकारने भेजी है," एक म्हणाला.

"छोटे सरकार की बी खडी है," दुसरा म्हणाला.

सुमंगलेने मला रिठ्याने धुतलं. हो, धुतलं. गरम पाण्याने, आतून बाहेरून, जन्मात पहिल्यांदा. मग गार पाणी भरून दोघांच्या ओंजळीत ओतलं. "पाणी पियो भिया, आणि वापस जा," ती म्हणाली. "घरी सांगा, घर एक झालं की एक गाडी पाठवा. मी त्याच पावली निघेन."

दोन्ही गाड्या रिकाम्या गेल्या. पुढच्या वर्षी पुन्हा दोन आल्या, पुन्हा रिकाम्या गेल्या. त्यानंतर येईनाशा झाल्या. सुमंगलेला मुलं झाली, मुलांची पोटं दुखायला लागली आणि माझ्यात पुन्हा एरंडेल आलं. पण दर दिवाळीला ती एरंडेल काढून मला धुवायची, पाणी भरून देवासच्या रस्त्याकडच्या खिडकीत ठेवायची. दिवाळी सरली की पुन्हा तेल. दुर्गंधी मी सहन केली असती. ते चार दिवस खिडकीत बसून रस्ता बघणं मला सहन व्हायचं नाही.

आणि मग एका चैत्रात, दिवाळी नाही, सण नाही, भर दुपारी दारात दमणी थांबली. एकच.

सुमंगला धाकट्या लेकराला एरंडेल पाजत होती. ती माझ्यासकट तशीच दारात धावली. रस्त्याच्या दोन्ही टोकांना तिने पाहून घेतलं. मागे दुसरी गाडी नव्हती. तिचा चेहरा असा उजळला की मला माझा वाससुद्धा विसरायला झालं.

"एकच?" तिने विचारलं.

"हौ बाईसाब. एकच."

"घर एक झालं?"

गाडीवानाने डोक्याचं फडकं काढून हातात घेतलं. "हौ," तो म्हणाला. "छोटे सरकार नी रिया, बाईसाब. चल बसे."

ती उंबऱ्यावर बसली. बराच वेळ तिच्या हातातून माझ्यातलं तेल तिच्या लुगड्यावर गळत होतं. मग उठली, मला धुतलं, वाटेसाठी पाणी भरलं आणि गाडीत बसली. तिने शब्द दिला होता.

देवासला चौकातल्या विटा उपसून कोपऱ्यात रचलेल्या होत्या. मानसिंगरावांनी त्या स्वतः उपसल्या, असं रुक्मिणीकाकूंनी रडत रडत सांगितलं. ते सुतकात घोंगडीवर बसले होते. मिशा पांढऱ्या, तोंडात विडा नाही. सुमंगलेने मला खाली ठेवलं तशी त्यांची नजर माझ्यावर आली.

"ही आत्याची ना?"

"हो, आबासाहेब."

त्यांनी मला हातात घेतलं. ओठाच्या टवक्यावरून बोट फिरवलं. "नाऱ्या इथूनच प्यायचा?"

"इथूनच. तुम्हीही."

त्यांनी टवक्याची बाजू आपल्याकडे फिरवली, तिथेच तोंड लावलं आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. निम्मं छातीवर सांडलं. जुन्या सवयीने सुमंगला चुळीसाठी तांब्या घेऊन पुढे झाली. त्यांनी मान हलवली. चूळ भरली नाही.

आता मी इथेच आहे, देवासला, कोनाड्यात. माझ्यात पुन्हा एरंडेल भरायचं असेल तर खुशाल भरा, माझी सवय गेलेली नाही. जन्मभर मी धुवा, मला धुवा म्हणत आले, आता मात्र एक मागणं आहे. धुवायचीच झाली तर आतून धुवा. तोंड तेवढं राहू द्या.